दोनदा वाजलेलं दार

"बाळाच्या घरात खेळाडू ठेवू नका, मेघनाताई," असं गायधनी सर फोनवर म्हणाले, तेव्हा मी हसले होते. मी पलंगावर आडवी, कुशीत जेमतेम आठवड्याची ओवी, आणि पलीकडून सरांचा आवाज असा गंभीर, की जणू घरात कांजिण्यांची साथ आली आहे. मी म्हटलं, "सर, बाळ आहे, साप नाही." ते हसले नाहीत. "सापाचं मला काही वाटत नाही. तो माणसाला झोपू देतो," म्हणाले आणि फोन ठेवला. हे मी चैत्रालीला सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी टाके दुखेपर्यंत हसलो. म्हणजे टाके माझे दुखले.

चैत्राली माझी धाकटी बहीण आणि गायधनी सर तिचे प्रशिक्षक. ती चालायची. चालण्याच्या शर्यतीत उतरायची, वीस किलोमीटरच्या. हे सांगितलं की लोक आधी हसतात. संगमनेरला आमच्या गल्लीतली पोरं तिच्या मागून बदकासारखी कंबर हलवत चालायची, आणि ती थांबून, मागे वळून त्यांना सांगायची, "गुडघा वाकवू नकोस रे, टाच आधी टेकव." त्यातली दोघं पुढे जिल्ह्याला खेळली.

त्या खेळाचा नियम ऐकायला सोपा आहे. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही सुटले की ते चालणं राहत नाही, धावणं होतं, आणि पंचांनी तसं पुन्हा पुन्हा धरलं की तुम्ही बाहेर. पण पंचानं ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं असतं. कॅमेऱ्यातून सावकाश पाहिलं तर जगातल्या चांगल्या चांगल्यांचे पाय क्षणभर हवेत दिसतात. सर म्हणायचे, दिसत नाही तेवढं सुटायला हरकत नाही, सगळेच सुटतात. चैत्राली सुटायची नाही. तिला जमत नव्हतं असं नाही. करायची नाही. आदल्या वर्षी परदेशातल्या एका स्पर्धेत ती चौथी आली, तेव्हा सरांनी तिला बसवून शर्यतीची चित्रफीत दाखवली. तिसरी आलेली मुलगी शेवटच्या फेरीत जवळजवळ उडत होती. सरांनी विचारलं, पाहिलंस? ती म्हणाली, पाहिलं. मग? तर म्हणे, "सर, मला माझा पाय कळतो ना." हे मला सरांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात राग जास्त होता की दुसरं काही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या चौथ्या नंबरावर आमच्या इमारतीतले बागूल काका लिफ्टपाशी मला म्हणाले होते, की आपले लोक बाहेर गेले की नेमके चौथेच कसे येतात हो, शेवटच्या क्षणी जिद्द कमी पडते. चैत्राली माझ्या शेजारीच उभी होती. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. "हो ना काका," ती म्हणाली, आणि लिफ्ट सोडून जिन्यानं वर गेली.

माझ्या लग्नाआधीच आई गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा प्रश्नच नव्हता. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच महिन्यात झालं. सुजित, माझा नवरा, सातपूरच्या कारखान्यात, आणि त्याची रात्रपाळी चालू होती. सकाळी ओवीला न्हाऊ घालायला शेवंताबाई यायच्या. त्या गेल्या की मी, ओवी आणि नाशिकच्या त्या फ्लॅटच्या भिंती. मी एम.एस्सी. झालेली, बाळाच्या शीच्या रंगावर तासभर वाचत बसणारी बाई. श्वास चालू आहे का हे बघायला मी रात्रीतून किती वेळा ओवीच्या नाकाखाली बोट धरत होते, ते मी सुजितलासुद्धा सांगितलं नव्हतं. चैत्रालीनं ते फोनवर माझ्या आवाजावरून ओळखलं. शिबिराला थोडे दिवस सुट्टी होती, त्यानंतर थेट आशियाई स्पर्धेची तयारी आणि प्रयाण. संघात तिचं नाव आलं होतं. सुट्टीत बाबांकडे संगमनेरला जायचं सोडून ती माझ्याकडे आली. दारातच पिशवी ठेवत म्हणाली, "आईच्या जागी आलेय. आता मी तुला ओरडणार."

ती आल्यावर मला तिच्या आयुष्यातली एक गोष्ट पहिल्यांदा जवळून दिसली. त्या पातळीवरच्या खेळाडूला उत्तेजकं तपासणाऱ्या लोकांना आधीच कळवून ठेवावं लागतं, की रोज अमुक एक तास मी अमुक ठिकाणी असेन. ती फोनवरच्या ॲपमध्ये ते भरायची. माझ्याकडे असताना तिनं सकाळी सहा ते सात आणि आमचा पत्ता भरला होता. त्या तासात तपासणारे कधीही, न सांगता येणार, लघवीचा नमुना घेऊन जाणार. त्या तासात तुम्ही सापडला नाहीत की एक चूक. वर्षात तशा तीन झाल्या की बंदी, मग तुम्ही जन्मात कधी खोकल्याचं औषधही घेतलेलं नसो. चैत्रालीच्या दोन होऊन गेल्या होत्या. एकदा गाडी मनमाडला अडकून पडली म्हणून, आणि एकदा शिबिराचं मैदान ऐन वेळी डोंगरात हलवलं आणि तिथं फोनला रेंज नव्हती म्हणून. दोन्ही वेळा कारण खरं होतं आणि दोन्ही वेळा ते कुणी मानलं नाही.

त्यामुळे ती सहाच्या आत तोंड धुऊन दाराजवळ खुर्ची टाकून बसायची. फोन हातात, चहाचा कप जमिनीवर, मांडीवर ओवीची दुपटी घड्या घालायला. मी तिला चिडवायचे, की तू खेळाडू आहेस की तुरुंगातून सुटून रोज पोलीस ठाण्यात हजेरी लावणारी. ती म्हणायची, "त्यांना निदान एकदाच शिक्षा होते."

आमच्या दाराची बेल फार कर्कश होती. ती वाजली की ओवी दचकून, मुठी आवळून असं रडायची की तिचे ओठ निळे व्हायचे. म्हणून सुजितनं चपलांच्या कपाटात एक बटण बसवून दिलं होतं, बेल बंद-चालू करायला. चैत्राली रोज खुर्चीत बसायच्या आधी ते चालू करायची आणि सात वाजले की बंद. दूधवाल्याला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तो बेलला हातच लावत नसे. दारावर दोनदा टकटक करायचा, पिशवी कडीला अडकवायचा आणि निघून जायचा.

तिची सुट्टी संपत आली असताना मला ताप भरला. दूध साचून छाती दगडासारखी झाली होती आणि अंगात अशी थंडी, की दात वाजत होते. ओवी पहाटेपासून रडत होती. मी तिला घेऊन उभी राहायचा प्रयत्न करत होते आणि भिंत माझ्याकडे येत होती. सुजित कामावर. चैत्राली आतून आली, तिनं ओवीला माझ्या हातातून घेतलं, मला गोळी दिली, पांघरूण घातलं. "तू झोप. मी आहे ना," म्हणाली. मला आठवतं ते एवढंच.

जाग आली तेव्हा पडद्यावर ऊन आलं होतं आणि घरात आवाज नव्हता. बाळाच्या घरात आवाज नसला की माझ्यासारखीला आनंद होत नाही. मी धडपडत आतल्या खोलीत गेले. पंखा जोरात फिरत होता. चैत्राली गादीवर भिंतीला टेकून अर्धवट बसलेली, ओवी तिच्या छातीवर पालथी, दोघींची तोंडं उघडी, दोघी गाढ झोपेत. मी सवयीनं ओवीच्या नाकाखाली बोट धरलं. मग, का ते मला सांगता येणार नाही, चैत्रालीच्याही धरलं. दोघींना तसंच ठेवून मी चहा टाकायला गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

सुजित आला तो हेल्मेट खिळ्याला अडकवता अडकवता म्हणाला, "सकाळी कोण आलं होतं? वॉचमन सांगतोय, एक साहेब आणि एक मॅडम तासभर वरखाली करत होते."

मी चपलांच्या कपाटाकडे पाहिलं. बटण बंद होतं.

चैत्राली माझ्या मागे येऊन उभी होती, ओवीला खांद्यावर घेऊन. तिनं ते ऐकलं होतं. सुजितला अजून काही कळलं नव्हतं, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, ओवी उठू नये म्हणून आवाज बंद केलेला, आणि त्यावर एका अनोळखी नंबरचा चुकलेला कॉल होता. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "थांब, हिची ढेकर अजून निघाली नाहीये." आणि ती ओवीच्या पाठीवर थोपटत राहिली. किती तरी वेळ थोपटत राहिली.

सुजित मोटरसायकल काढून गेला, कुठं जायचं ते माहीत नसताना. पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आला. चैत्रालीनं त्या नंबरवर फोन केला. समोरची बाई चांगली बोलली. म्हणाली, आम्ही बेल दाबली, दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, वेळ संपेपर्यंत थांबलो, आता आमच्या हातात काही नाही. चैत्राली म्हणाली, "हो मॅडम. सॉरी, तुम्हाला थांबावं लागलं." मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला, पण तोवर तो बंद झाला होता.

दुपारी गायधनी सर आले. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बेल दाबून पाहिली, बटण पाहिलं, आतल्या खोलीत जाऊन पंखा लावला आणि मला बाहेरून दार वाजवायला सांगितलं. पंख्याच्या आवाजात टकटक नीट ऐकू येत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मग सोफ्यावर बसून त्यांनी मला समजावलं. सुनावणी होणार. तिथं खेळाडूची हयगय नव्हती हे दाखवता आलं, तर तिसरी चूक धरत नाहीत. बाळ दचकून रडेल या भीतीनं बहिणीनं बेल बंद केली, खेळाडूला ते माहीत नव्हतं, आणि दार वाजलेलं पंख्यामुळे तिला ऐकू गेलं नाही. "एवढंच, ताई. बटण तुम्ही बंद केलंत आणि हिला सांगितलं नाहीत. बोलाल?"

मी एका श्वासात हो म्हटलं. मी त्याहून मोठं खोटं बोलले असते. सर जे सांगतील ते मी बोलले असते, त्यात मी वेडी असल्याचं सांगावं लागलं असतं तरी. बेल बंद करण्यामागे माझंच घाबरणं होतं, म्हटलं तर त्यात खोटं किती होतं? रोज ते बटण चालू करायचं काम तिचं होतं आणि त्या दिवशी तिच्या हातात माझं बाळ होतं, एवढाच काय तो फरक.

चैत्राली खाली बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. सर तिच्याकडे वळले. म्हणाले, कुणालाच काही दिसलेलं नाही, चैत्राली, आणि दिसत नाही तेवढं... पुढचं त्यांनी गिळलं. ती आपल्या पायांकडे बघत होती.

सुनावणी कॉम्प्युटरवर झाली, दिवसाढवळ्या, आमच्याच जेवणाच्या टेबलापाशी. पडद्यावर निकाल देणारे तीन जण होते. मधे एक वयस्कर बाई, पांढरे केस, अगदी शांत आवाज. हिंदीत बोलत होत्या. आमच्या बाजूनं सरांचे एक वकील मित्र. सर कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे टेबलाच्या कोपऱ्याला बसले. मी आतल्या खोलीत, दार अर्धं लोटून, मांडीवर ओवी. माझी साक्ष शेवटी होती. माझं वाक्य मला पाठ होतं आणि मी ते ओवीकडे बघून ओठांतल्या ओठांत म्हणत होते. ती माझ्या तोंडाकडे बघून हसत होती. नुकतंच हसायला लागली होती.

दार वाजवणाऱ्या मॅडमनी जे घडलं ते सांगितलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मग वकिलांनी बेलचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं, नवजात बाळाचं सांगितलं. चांगलं बोलले. मधल्या बाईंनी त्यांच्या घरी नातवंड आहे असं काहीतरी म्हटलं आणि बाकीचे दोघं हसले. मला आतून ऐकू येत होतं, की हवा आपल्या बाजूची आहे. माझ्या अंगातून इतक्या दिवसांची थंडी उतरली. मग त्या बाईंनी, कागद बंद करता करता विचारावं तसं, चैत्रालीला विचारलं. म्हणजे दार वाजलेलं तुम्हाला ऐकूच आलं नाही, बरोबर?

उत्तर त्यांनीच प्रश्नात देऊन ठेवलं होतं. तिनं फक्त हो म्हणायचं होतं.

"ऐकू आलं," चैत्राली म्हणाली.

मग ती सावकाश, शाळेत उभं राहून सांगावं तशी सांगत गेली. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मला दूधवाला वाटला, तोही दोनदाच वाजवतो. थोड्या वेळानं पुन्हा वाजलं. तेव्हा मला कळलं होतं. बाळ त्याच क्षणाला झोपलं होतं, बहिणीला ताप होता, तिचाही नुकता डोळा लागला होता. बेलचं बटण लावायचं राहिलंय हेही तेव्हा आठवलं. वाटलं, अजून वेळ आहे, ते लोक तासभर थांबतात, हिला नीट झोप लागू दे, मग ठेवते आणि उठते. मग मलाच झोप लागली.

त्या बाईंनी बंद केलेले कागद पुन्हा उघडले. मला आजही वाटतं, त्यांनी तिला एक दार उघडून दिलं. त्यांनी विचारलं, दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा तुम्ही अर्धवट झोपेत असाल ना?

"नाही मॅडम," ती म्हणाली. "जागी होते."

मी ओवीला घेऊन उठले होते आणि दारात उभी होते. कॅमेऱ्यात मी दिसत नव्हते. चैत्रालीला दिसत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात माझ्यावर राग नव्हता, स्वतःवर नव्हता, कशावरच नव्हता. मी वकिलांकडे बघून खूण केली, की मला बोलू द्या, मी बोलते. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली. पडद्यावरून विचारलं गेलं, आणखी कुणाची साक्ष? वकील म्हणाले, नाही. माझं वाक्य तोंडात तसंच राहिलं. अजूनही कधी भांडी घासताना ते अख्खंच्या अख्खं माझ्या ओठांवर येतं.

कॉम्प्युटर बंद झाल्यावर सर उठले. दारापाशी जाऊन बूट घालायला लागले आणि त्यांना नाडी बांधता येईना. चैत्राली जाऊन खाली बसली आणि तिनं त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, एक आणि दुसरी. वरून सर म्हणाले, "कुणाला दिसलं नव्हतं गं."

सर गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात तिच्यावर इतकं कधी ओरडले नव्हते. स्वतःचं वाटोळं करायचा तुला काय अधिकार, माझ्या पोरीसाठी तू का बसून राहिलीस, एक दिवस रडली असती तर मेली असती का ती, असं काय काय बोलले. ती ऐकत होती. मी दमल्यावर म्हणाली, "त्यांनी मलाच विचारलं ना, ताई."

दोन वर्षांची बंदी आली.

आशियाई स्पर्धेतल्या चालण्याच्या शर्यतीच्या दिवशी ती संगमनेरला बाबांजवळ होती. मी टीव्ही लावला, आवाज बंद करून. ओवी बसायला लागली होती, ती पडद्यावरच्या हलणाऱ्या कमरा बघून टाळ्या वाजवत होती. तिसरी आलेली बाई रेषा ओलांडून खाली बसली आणि तिची वेळ पडद्यावर आली. चैत्रालीची वेळ मला पाठ होती. मी टीव्ही बंद केला. संध्याकाळी लिफ्टपाशी बागूल काका भेटले. म्हणाले, यंदा चालण्यात आपल्याकडून कुणी नव्हतंच म्हणे, आपल्या लोकांत मुळात जिद्दच नाही हो. त्यांना उत्तर द्यायचं तर ते माझ्या कडेवर मान टाकून झोपलं होतं. बोलले असते तर उठलं असतं. मी लिफ्टचं बटण दाबलं.

बंदी संपली तेव्हा सर तिला घ्यायला गेले होते. ती म्हणाली, आता नको. तोवर तिनं कळवणच्या पुढे एका निवासी शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी धरली होती. मी एकदाच गेले, ओवी चार वर्षांची असताना. तिनं आम्हाला खोलीवर नेलं नाही, कळवणच्या बस स्टँडवरच भेटली. भजी खायला घातली, शाळेतल्या पोरींच्या नकला केल्या, ओवीला टाच आधी टेकवून चालायला शिकवलं. ओवी चालून चालून दमली आणि तिच्या मांडीवर झोपली. आमची गाडी लागली. चैत्राली हलली नाही. "दुसरी येईल," म्हणाली. गाडी निघून गेली. आणि मग, ओवीच्या केसांवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "परत येऊ नकोस, ताई. तू माझ्याकडे ज्या नजरेनं बघतेस ना, त्यानं मला वाटायला लागतं की माझं काहीतरी गेलंय. इथं कुणाला माहीत नाही, म्हणून मी बरी असते."

मी शब्द दिला. दुसऱ्या गाडीत चढताना ओवी तशीच झोपेत तिच्या हातांतून माझ्या हातांत आली.

आता आम्ही दूर दक्षिणेत होसूरला असतो, सुजितची बदली झाली. दर वर्षी ओवीच्या वाढदिवसाला चैत्रालीकडून एक खोकं येतं. त्यात बूट असतात. बूट ओवीला बरोबर बसतात, दर वर्षी. न बघता तिला माप कसं कळतं, मला माहीत नाही. यंदा खोकं आलं नाही. वाढदिवस होऊन बरेच दिवस झाले. ओवी जुने बूट घालून शाळेत जाते, अंगठा टोचतो म्हणते, पण नवीन आणू देत नाही, मावशीचे येतील म्हणते. चैत्रालीचा फोन वाजत राहतो आणि थांबतो. शाळेच्या ऑफिसात लावला तर कुणीतरी म्हणतं, मॅडम आहेत ना, तासावर असतील, आणि ठेवून देतं. गायधनी सर आता नाहीत. बाबांना प्रवास होत नाही. सुजित म्हणतो, तू उगाच घाबरतेस, आणि त्याचं चुकत नाही, नाकाखाली बोट धरणारी बाई मीच. उद्या मी शब्द मोडून गेलेच, तर ती हसत दार उघडेल, चहा करेल, नकला करेल, आणि मी काहीच न कळता परत येईन. माझ्यासमोर ती बरी असते. तिला तसं असावं लागतं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असाल, किंवा वणीच्या गडावरून कळवणच्या पुढे जाणार असाल, तर त्या शाळेपाशी जरा थांबा. मागच्या बाजूला शिक्षकांच्या खोल्या आहेत, असं तिनं मला भजी खाताना सांगितलं होतं. शेवटची तिची. काहीतरी निमित्त सांगा, पाणी मागा, रस्ता विचारा. माझं नाव काढू नका. ती जेवते का, नीट झोपते का, एवढं तिच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळेल, तुम्ही परके आहात म्हणून कळेल.

आणि दार वाजवल्यावर लगेच उघडलं नाही, तर दोनदा वाजवून परत फिरू नका. थोडं थांबा. ती आत असते. तिला ऐकू येतं.